एडिटिंगच्या भाड्याबद्दल कोल्हापुरातल्या फोटोग्राफर मंडळींना खुले पत्र

मा. अध्यक्ष, पदाधिकारी आणि जिल्ह्यातल्या सर्व फोटोग्राफर बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

आपल्या संघटनेच्या मागच्या बैठकीत शेवटचा पाऊण तास ज्या विषयावर गेला, त्यावर मी एक शब्दही बोललो नाही. आवाज चढले होते आणि माझ्या हातात आकडे नव्हते. घरी आल्यावर सहा वर्षांच्या कामाच्या डायऱ्या, बिलबुकं आणि बँकेचे उतारे काढले आणि तीन रात्री बसून हिशेब मांडला. तो आपल्यापुढे ठेवतो. ठराव पुढच्या बैठकीत मताला येणार आहे, त्याआधी हे वाचावं एवढी विनंती.

ठराव असा की फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं जिल्ह्यातल्या कुणीच भरू नये, सगळ्यांनी एकदम बंद करावं. त्याला विरोध करणारी तरुण मुलं म्हणाली की भाड्याच्या सॉफ्टवेअरशिवाय आजचं काम निघूच शकत नाही. आणि मागच्या रांगेतून एक वाक्य आलं, ‘कशाला भांडताय, क्रॅक टाका,’ म्हणजे कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर वापरा; त्यावर बरेच जण हसले. मला सगळ्यात जास्त काळजी त्या वाक्याची वाटते. त्यावर पुढे लिहितोच.

मी ठरावाच्या विरोधात मत देणार आहे. पण भाडं भरणारे सगळे हिशेब करून भरतात असंही मला दिसत नाही. आणि आपलं वर्षानुवर्षांचं काम आपण कुणाच्या कुलपात ठेवतोय, हे तर फारच थोड्यांनी तपासलंय.

मी १९९४ साली शाहूपुरीतल्या एका स्टुडिओत पोऱ्या म्हणून लागलो. डार्करूममधला लाल दिवा, हायपोचा वास आणि निगेटिव्हवर पेन्सिलनं केलेलं टचिंग हे माझं पहिलं एडिटिंग. एका लग्नाला छत्तीसचे पाच-सहा रोल लागायचे. रोल विकत आणायचा, लॅबमध्ये धुवायला टाकायचा, प्रिंट काढायच्या, प्रत्येकाला पैसे. म्हणजे दर कामाला माल विकत घेणं आपल्या धंद्याला नवीन नाही. फक्त तेव्हा बिलात पहिलीच ओळ ‘रोल, धुलाई व प्रिंट’ अशी असायची आणि मुलीचा बाप ती न कुरकुरता मान्य करायचा, कारण रोल त्याला डोळ्यांनी दिसत होता.

डिजिटल आलं आणि लोक म्हणू लागले, ‘आता रोल नाही, मग खर्च कसला?’ आपण ते ऐकून घेतलं. ती ओळ बिलातून गेली ती गेलीच. पुढे मेमरी कार्ड आली, हार्डडिस्क आल्या, दर चार-पाच वर्षांनी कॉम्प्युटर बदलावा लागला, सॉफ्टवेअर आलं, आणि हे सगळं आपण आपल्या नफ्यातून भरत आलो. आज भाड्याच्या नावानं आपला जो संताप होतो, त्यातला निम्मा मला वाटतं या हरवलेल्या ओळीचा आहे.

पण रोल आणि भाडं यांत एक मोठा फरक आहे आणि तो कंपन्यांनी समजून घ्यायला हवा. रोल लग्न असेल तरच लागायचा. भाडं लग्न नसतानाही लागतं. आपलं वर्ष कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. तुळशीचं लग्न झालं की सुरुवात, पौषात जरा थंडावतं, माघ-फाल्गुनात पुन्हा धरतं, आणि खरी धांदल चैत्र-वैशाखात. आषाढी एकादशी झाली की चार महिने मुहूर्त नाहीत. बारसं, जावळ, डोहाळजेवण, गणपती मंडळांचे फोटो, यांवर दुकानाचं भाडं कसंबसं निघतं. त्यात यंदा अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा, म्हणजे आपल्या हंगामाचा गाभाच, यंदा मुहूर्तांशिवाय जाणार. कार्डावरून पैसे मात्र त्या महिन्यातही ठरल्या तारखेला जाणार.

२०२० चं तुम्ही विसरला नसाल. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली, एप्रिल-मेची सगळी लग्नं पुढं गेली, घेतलेले विसार परत द्यावे लागले. माझ्या बँकेच्या उताऱ्यावर त्या दोन्ही महिन्यांत जमा काही नाही आणि नावे मात्र सॉफ्टवेअरचे पैसे आहेत. मी ती ओळ आजही बघतो तेव्हा त्या उन्हाळ्यातलं बंद शटर आठवतं.

आता आकडे. आपापल्या कंपनीचा, आपापल्या प्लॅनचा भाव वेगळा असेल, म्हणून सोयीसाठी महिन्याला १,००० रुपये धरतो. वर्षाचे १२,०००. मी मागच्या वर्षी, तुळशीच्या लग्नापासून तुळशीच्या लग्नापर्यंत, २७ लग्नं केली. म्हणजे लग्नामागे ४४४ रुपये. माझ्या दोन सहायकांच्या पेट्रोलला आणि चहा-नाश्त्याला एका दिवसात याहून जास्त जातात. त्या बदल्यात सॉफ्टवेअर माझं लग्नामागे निदान एका रात्रीचं काम वाचवतं. मला हे भाडं जड नाही, आणि ते जड आहे असं मी बैठकीत म्हणालो असतो तर खोटं बोललो असतो.

पण भुदरगडातल्या एका व्यवसायबंधूशी मी मुद्दाम बोललो. त्यांचं दुकान एस.टी. स्टँडजवळ आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, शाळेची ओळखपत्रं, आणि वर्षाकाठी सहा लग्नं. लग्नामागे त्यांना बारा ते पंधरा हजार मिळतात, अल्बम, लॅब आणि सोबतीच्या पोराची मजुरी जाऊन हातात चारेक हजार राहतात. त्यांच्या सहा लग्नांवर तेच १२,००० टाकले तर लग्नामागे २,००० होतात. निम्मी कमाई. प्लॅन तोच, पैसे तेच, पण त्यांच्यासाठी हा सौदा तोट्याचा आहे आणि त्यांना कुणीतरी तो ‘लागतोच’ म्हणून गळ्यात मारलाय. पासपोर्ट फोटोची पार्श्वभूमी पांढरी करायला आणि चौकट कापायला भाड्याचं काही लागत नाही.

म्हणून सगळ्यांनी बंद करा हेही चूक आणि सगळ्यांनी घ्या हेही चूक. ज्यानं त्यानं आपली डायरी उघडावी, वर्षाची लग्नं मोजावीत, आणि वर्षाच्या भाड्याला त्या आकड्यानं भागावं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बैठकीला आलेल्यांपैकी किती जणांनी ते केलंय हे मी हात वर करायला लावून विचारणार आहे.

जुन्या मंडळींचा एक मुद्दा मात्र तपासून बघायला हवा, की पूर्वी एकदा विकत घेतलं की झालं, ते दिवस चांगले होते. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ची. शेवटची पेटीतली, म्हणजे कायमची विकत मिळणारी आवृत्ती सीएस ६, २०१२ ची. त्यानंतर २०१३ च्या मे महिन्यात फोटोशॉप बनवणाऱ्या अॅडोबी कंपनीनं जाहीर केलं की यापुढे नवीन आवृत्ती फक्त वर्गणीवर. अमेरिकेत सीएस ६ फोटोशॉपची किंमत ६९९ डॉलर होती. फोटोग्राफरांसाठी काढलेल्या प्लॅनचा दर महिन्याला ९.९९ डॉलर होता, आणि त्यात फोटो निवडायचं आणि उजळायचं लाइटरूमही होतं. भागाकार केला तर ६९९ डॉलरमध्ये ७० महिने निघतात, म्हणजे पाच वर्षं दहा महिने. तेवढ्या काळात पेटीवाल्याला एक-दोनदा तरी नव्या आवृत्तीचे पैसे भरावेच लागले असते. तेव्हा सुरुवातीला हा सौदा वाईट नव्हता. आणि खरं बोलायचं तर ६९९ डॉलरची पेटी कोल्हापुरात किती जणांनी विकत घेतली होती? ज्या दिवसांना आपण चांगले म्हणतो, त्या दिवसांत आपल्यातले बहुतेक जण चोरीची सीडी वापरत होते. मीही वापरत होतो. बरीच वर्षं.

गोष्ट बदलली ती पुढे. लाइटरूमची शेवटची विकत मिळणारी आवृत्ती, सहावी, २०१५ ला आली आणि २०१७ नंतर तिच्यात नव्या कॅमेऱ्यांची भर पडायची थांबली. २०१८ साली कॅननचे सीआर ३ या नव्या प्रकारची फाइल देणारे कॅमेरे आले. ज्यांनी लाइटरूम सहा विकत घेतलं होतं, त्यांचं सॉफ्टवेअर जागेवर होतं, चालू होतं, पण नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ कच्ची फाइल, त्याला वाचता येत नव्हती. यावर एक वाट होती आणि ती आजही आहे: अॅडोबीचंच फुकट मिळणारं डीएनजी कन्व्हर्टर. त्यातून फाइल काढली की जुनं लाइटरूम ती उघडतं. आपल्यातल्या किती जणांनी हे माहीत नसल्यामुळं चालतं सॉफ्टवेअर टाकून दिलं?

आणि मग २०२५ च्या जानेवारीपासून त्याच फोटोग्राफी प्लॅनचा, वीस जीबी ऑनलाइन साठवणवाल्याचा, महिन्याला भरायचा अमेरिकेतला भाव ९.९९ वरून १४.९९ डॉलर झाला. वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्यांना जुना भाव राहिला, पण नवीन माणसाला तो प्लॅन मिळायचा बंद झाला. नव्या भावानं ६९९ डॉलर ४७ महिन्यांत संपतात, चार वर्षांच्या आत. वस्तू विकत घेतलेल्या माणसाला भाववाढ पुढच्या खरेदीला लागते. भाडेकरूला ती करार संपताच लागते, आणि तोवर त्याचं सगळं काम त्या घरात मांडून झालेलं असतं.

हे ‘सगळं काम त्या घरात’ काय असतं, ते मला नोव्हेंबर २०२१ मध्ये कळलं. कोरोनाची दोन वर्षं अडलेली लग्नं तुळशीनंतर एकदम सुटली होती. इचलकरंजीच्या एका लग्नाचा अल्बम सकाळी प्रिंटिंगला जायचा होता. रात्री साडेअकराला मी मशीन चालू केलं आणि सॉफ्टवेअरनं सांगितलं की वर्गणी थकली आहे. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला होता की कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पैशांसाठी ग्राहकाची नव्यानं परवानगी लागते. नियम आपल्या भल्याचाच होता. पण माझ्या बँकेची आणि त्या कंपनीची जोडणी झालेली नव्हती, दोन महिने पैसे गेलेच नव्हते, आणि सूचना गेल्या होत्या माझ्या जुन्या ई-मेलवर. अठ्ठेचाळीस शीटपैकी एकोणीस शीटचे फोटो अर्धे दुरुस्त झालेले. पहाटे चारला भाच्याच्या कार्डावरून पैसे भरून मी ते उघडलं. त्या साडेचार तासांत माझे कॅमेरे माझे होते, लेन्स माझ्या होत्या, फोटो माझे होते, आणि तरी मला काम करता येत नव्हतं.

तेव्हापासून मी भाडं किती याच्या आधी एक वेगळा प्रश्न विचारतो: भाडं थांबलं तर माझं काय उघडं राहतं?

याबद्दल आपल्यात अफवाही फार आहेत. बैठकीत कुणीतरी म्हणालं की वर्गणी थांबली की फोटोच जातात. तसं नाही. फोटो आपल्या हार्डडिस्कवर असतात, ते कुठंही जात नाहीत. लाइटरूम क्लासिकचं सांगायचं तर वर्गणी संपल्यावरही कॅटलॉग, म्हणजे त्यातली फोटोंची आणि दुरुस्त्यांची वही, उघडतो, फोटो बघता येतात, निवडता येतात, बाहेर काढता येतात. बंद होतो तो डेव्हलप विभाग, म्हणजे जिथं उजेड, रंग, त्वचा हे सगळं आपण करतो तो. आधी केलेली दुरुस्ती लावून फोटो बाहेर काढून घेता येतो, पण डेव्हलपमध्ये जाऊन ती दुरुस्ती बदलता येत नाही. इतर कंपन्यांचं असंच असेल असं समजू नका. आपण जे वापरतो त्याचा नियम पैसे भरायच्या आधी वाचा.

मागच्या पावसाळ्यात रात्री नऊला एक मुलगी स्टुडिओत आली. तिचं लग्न मी २०१६ ला केलं होतं. वडील दुपारी गेले होते. दुसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, आणि घरात त्यांचा एकट्याचा धड फोटो नाही. कन्यादानाच्या वेळचा एक फोटो तिच्या लक्षात होता, वडील मान खाली घालून हसताहेत असा. तेवढा चेहरा मोठा करून द्या म्हणाली. २०१६ ची दुरुस्ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती त्याची वर्गणी मी केव्हाच सोडली होती. पण रॉ फाइल दोन डिस्कवर होती. ती डार्कटेबल या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, मंडपातला पिवळा उजेड काढला, मागची माणसं अंधुक केली, आणि दहा वाजता त्यांचा बारा बाय अठराचा फोटो प्रिंट होऊन तिच्या हातात होता. तिनं पैसे विचारले तेव्हा मला बोलता येईना.

आपल्याकडे अशी माणसं रोज येतात. आपण फक्त अल्बम विकत नाही, लोकांच्या घरातली माणसं सांभाळून ठेवतो. म्हणून रॉ फाइल पुसू नका. प्रत्येक लग्नाचे निवडक फोटो पूर्ण आकारात, जेपीजी किंवा टिफमध्ये, काढून वेगळ्या डिस्कवर ठेवा. दुरुस्तीची नोंद फक्त कॅटलॉगमध्ये न ठेवता फोटोशेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिण्याची सोय आहे, ती चालू करा. दुसरं सॉफ्टवेअर ती नोंद जशीच्या तशी लावणार नाही, पण तारे, शीर्षकं, कापणी यांतलं बरंचसं ओळखतं. आणि दोन डिस्क दोन ठिकाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घरात आली तेव्हा ज्यांच्या दोन्ही डिस्क एकाच टेबलाच्या खणात होत्या त्यांचं काय झालं, हे आपण पाहिलंय.

आता क्रॅकबद्दल.

मी वर लिहिलंच की मीही चोरीची सीडी वापरली. तेव्हा त्याला आम्ही चोरी म्हणत नव्हतो, पण ती चोरीच होती. आपला फोटो कुणी विचारल्याशिवाय फ्लेक्सवर लावला की आपण भांडायला जातो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं कामही त्याच कॉपीराइट कायद्यात येतं. १९५७ च्या या कायद्याचं कलम ६३ ब सांगतं की बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटर प्रोग्राम वापरला तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्यातल्याच एका मित्राची गोष्ट अनेकांना माहीत आहे. नाव लिहीत नाही. नेटवरून उतरवलेल्या क्रॅकबरोबर खंडणी मागणारा व्हायरस आला. सकाळी मशीन उघडलं तर प्रत्येक फाइलच्या नावापुढं चार अनोळखी अक्षरं, आणि एकही फोटो उघडेना. जोडून ठेवलेली बाहेरची डिस्कही गेली. दोन हंगामांची लग्नं. त्यांनी घरोघरी जाऊन हात जोडले, काहींचे पैसे परत केले, काहींना द्यायला काहीच नव्हतं. बैठकीत जे हसले, त्यांनी एकदा त्यांच्याकडे जाऊन बसावं.

भाडं परवडत नाही आणि चोरी करायची नाही, मग काय? आज वाट आहे, दहा वर्षांपूर्वी एवढी नव्हती. रॉ फाइलसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी, दोन्ही फुकट आणि कायदेशीर. डार्कटेबलची पहिली आवृत्ती २००९ ची आहे, म्हणजे सतरा वर्षं लोक ते घडवत आहेत. फोटोशॉपसारख्या कामाचं फुकटचं गिम्प, त्याची तिसरी आवृत्ती मार्च २०२५ ला आली आणि तिच्यात लेयरवर लावलेला परिणाम मागाहून बदलता येतो, जी सोय नसल्यामुळं मी ते पूर्वी सोडलं होतं. अॅफिनिटी हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर पूर्वी एकरकमी विकत मिळायचं. कंपनी मार्च २०२४ मध्ये कॅन्व्हानं घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते फुकट दिलं जातंय, एआयच्या सोयी तेवढ्या पैसे देऊन. कंपनीची वस्तू आज फुकट आहे ती उद्याही राहील असं धरून चालू नका, पण आज ते अल्बमच्या बारा बाय छत्तीसच्या पीएसडी टेम्पलेट, म्हणजे फोटोशॉपमधले तयार साचे, बऱ्यापैकी उघडतं. कॅप्चर वनमध्ये भाडं आणि खरेदी दोन्ही वाटा आहेत, डीएक्सओ फोटोलॅब विकत मिळतं. व्हिडिओवाल्यांना दा विंची रिझॉल्व्ह माहीतच आहे: मूळ आवृत्ती फुकट, आणि पैशांची आवृत्तीही एकदाच घ्यायची.

यातल्या अडचणीही सांगतो, नाहीतर महिन्याभरात तुम्ही मला शिव्या द्याल. आपल्या जुन्या टेम्पलेटमधले स्मार्ट ऑब्जेक्ट आणि अॅक्शन या फोटोशॉपच्या खास सोयी सगळीकडे चालत नाहीत. पत्रिकेच्या आणि अल्बमच्या पहिल्या पानावर आपण जे जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉण्ट वापरतो, ते एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेले की अक्षरांचा चुराडा होतो. युनिकोड फॉण्टकडे जावंच लागेल. आणि डार्कटेबल शिकायला वेळ लागतो. मला तीन आठवडे लागले, पहिला आठवडा तर नुसती चिडचिड. शिवाय एक गोष्ट कबूल करायला हवी: कार्यालयातल्या जांभळ्या-निळ्या एलईडीखाली, चढ्या आयएसओवर काढलेल्या फोटोचे दाणे काढायला अॅडोबीनं एप्रिल २०२३ मध्ये जी एआयची सोय दिली, तिच्या तोडीचं माझ्या हाताला फुकटात काही लागलेलं नाही. आणि नवरीचा चेहरा आपोआप वेगळा निवडून देणारे मास्क माझे तासन्‌तास वाचवतात. तरुण मुलं म्हणतात त्यात तथ्य आहे.

म्हणून मी सध्या असं करतो: दोन मशीन, एकावर भाड्याचं, एकावर फुकटचं. अल्बमची जुळणी, पासपोर्ट, बारशी, ओळखपत्रं सगळी दुसऱ्यावर. भाड्याचं मी वर्षाच्या कराराऐवजी सुट्या महिन्यांचं घेतो, हंगामापुरतं. सुटा महिना महाग पडतो, तेव्हा इथंही भागाकार करा: सुट्या पाच-सहा महिन्यांची बेरीज वर्षाच्या करारापेक्षा कमी येते का? माझी येते. ज्यांना बारमाही काम आहे त्यांची येणार नाही.

करार घेताना ‘वार्षिक, हप्ता दरमहा’ हे शब्द नीट वाचा. हा महिन्याचा प्लॅन नसतो. हा वर्षाचा करार असतो, फक्त पैसे दरमहा जातात, आणि मधेच सोडला तर उरलेल्या महिन्यांच्या पैशांतला वाटा दंड म्हणून भरावा लागू शकतो. अमेरिकेच्या सरकारनं जून २०२४ मध्ये याच दंडाच्या मुद्द्यावर, तो ग्राहकाला नीट दाखवला जात नाही असं म्हणत, अॅडोबीवर दावा दाखल केला. आपल्याकडेही हात बांधलेले नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार आहेत, आणि वर्गणी सोडणं मुद्दाम अवघड करून ठेवणं हा त्यांतला एक. सॉफ्टवेअरच्या वर्गणीचे पैसे ग्राहकाच्या नकळत कापत राहणं हा दुसरा. तक्रारीला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आणि कार्डावरून आपोआप पैसे जायच्या निदान चोवीस तास आधी बँकेचा संदेश येणं बंधनकारक आहे. तो येतो त्या मोबाईल नंबरवर आणि ई-मेलवर आपण खरंच लक्ष ठेवतो का, एवढं आज रात्री तपासा. मी ठेवत नव्हतो, म्हणून ती इचलकरंजीची रात्र आली.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा जो स्तंभ आहे, त्याच्यासमोरून आपण रोज गाडी नेतो. बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव यांना सिनेमा काढायचा होता आणि कॅमेरा नव्हता, म्हणून त्यांनी कॅमेराच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन तो १९१८ मध्ये पुरा केला. मला त्या गोष्टीत सगळ्यात मोठं हे वाटतं की त्या यंत्राचं प्रत्येक चाक त्यांना माहीत होतं. बिघडलं तर ते उघडू शकत होते. या गावातल्या फोटोग्राफरला स्वतःच्या हत्याराच्या आत काय आहे याची भीती नव्हती. आपण सॉफ्टवेअर लिहावं असं मी म्हणत नाही. पण डार्कटेबल किंवा गिम्पसारखं उघडं सॉफ्टवेअर निदान एका मशीनवर असावं, आणि आपल्या मुलांपैकी कुणाला तरी ते आतून कळावं, असं मला त्या स्तंभासमोर थांबलं की वाटतं. इथली कॉलेजं कॉम्प्युटरची मुलं घडवतात. त्यांतल्या चार जणांना बोलावून आपल्या अल्बमची अडचण दाखवायला काय हरकत आहे?

तेव्हा अध्यक्ष महाशय, ठरावाच्या जागी माझ्या तीन सूचना मताला घ्याव्यात. पहिली आणि मला सगळ्यात महत्त्वाची: आपल्या सामाईक दरपत्रकात ‘एडिटिंग व साठवण’ ही ओळ छापा. आकडा ज्यानं त्यानं लिहावा, पण ओळ सगळ्यांच्या बिलात असावी, म्हणजे एकानं लावली आणि दुसऱ्यानं सोडली असं होऊन गिऱ्हाईक फिरणार नाही. दुसरी: सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भारतातल्या विक्रेत्यांना संघटनेच्या पत्रावर लिहा की आम्हाला वर्षातून चार महिने वर्गणी थांबवून ठेवायची सोय द्या. हे अशक्य नाही. आपल्या लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्यांचा हिशेब ज्या टॅलीवर चालतो, ते भाड्यानंही मिळतं आणि कायमचंही. कायमचं घेतलं आणि पुढं सेवेचे पैसे भरले नाहीत तर नवी आवृत्ती मिळत नाही, पण आधीचं चालू राहतं, वह्या बंद होत नाहीत. व्यापाऱ्याला जे मिळतं ते फोटोग्राफरला का मिळू नये? एकेकट्यानं मागून कुणी ऐकणार नाही, जिल्ह्यानं मागितलं तर निदान उत्तर येईल.

तिसरी सूचना माझ्या अंगावर घेतो. यंदा पितृपंधरवडा सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन १० ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्येला संपतो. त्या दिवसांत आपल्या सगळ्यांचीच दुकानं शांत असतात. रोज संध्याकाळी सात ते नऊ माझा स्टुडिओ उघडा राहील. चार मशीन लावून ठेवतो, चारींवर फुकटची सॉफ्टवेअर. वर्गणी नाही, नावनोंदणी नाही. येताना आपल्या एखाद्या जुन्या लग्नाच्या रॉ फाइल आणा, शक्यतो असं लग्न ज्याचा मंडप फार पिवळा आला होता आणि जे तुम्हाला तेव्हा जमलं नव्हतं. भुदरगडचे बंधू पहिल्या दिवशी येतो म्हणालेत. चंदगड-आजऱ्याकडून येणाऱ्यांची शेवटची एस.टी. चुकत असेल तर माळ्यावर झोपायची सोय आहे, फक्त दुपारपर्यंत फोन करा.

आपला,
एक व्यवसायबंधू
शाहूपुरी, कोल्हापूर